यलोमॅनचा जुना एलपी घेतला, नाद खुळा!

कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात यलोमॅन या जमैकाच्या रेगे कलाकाराचा 1983 चा अल्बम 'झुंगुझुंगुगुझुंगुझेंग' मिळाला, ग्रीनस्लीव्ह्ज या रेकॉर्ड कंपनीचा, 1200 सांगितले, घासाघीस करून 900 ला दिला. कव्हर कोपऱ्यात फाटलंय, दुकानदार म्हणाला एकदम क्लीन हाय आणि दुसऱ्या बाजूला कचकन ओरखडा, सुई तिथं उडतीच.

पण आवाज काय सांगू भावा! मागं रूट्स रॅडिक्सचा बँड, निर्माता जुंजो लॉज, बेस असा संथ आणि जड की खिडकीची काच थरथरत्या, आणि त्यावर हा गडी गात नाही, बोलतोय, टोमणे मारत, स्वतःचीच तारीफ करत, श्वास कुठं घेतोय तेच कळत नाही. किंग्स्टनच्या अनाथाश्रमात वाढलेला, जन्मापासून अल्बिनो (कातडीत-केसात रंगच नाही) म्हणून लोकांनी हिणवलेला, आणि त्यानं तेच नाव लावून माईक पकडला, हे मला लय आवडलं. पुढं 1984 ला सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीनं पण त्याचा अल्बम काढला. काही गाण्यांत बायकांबद्दल चावटपणा जास्तच हाय, घरात आई असली की आवाज कमी करावा लागतो.

मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, अर्धा बेस जातो. रेकॉर्डला पाचपैकी साडेचार, दुकानाला दोन. आणि घ्यायच्या आधी दोन्ही बाजू वाजवून बघा.