गोळ्यांच्या जोडीला काय: प्राणायामाचा क्लास की तलावावरचं चालणं?

डिप्रेशनची गोळी चालू आहे, डॉक्टरांकडं जाणंयेणं चालू आहे आणि घरचे, पाहुणे, शेजारी रोज काहीतरी नवीन सुचवतायत, अशा माणसासाठी हे लिहितोय. ज्याचं अजून निदानच झालेलं नाही त्यानं आधी सायकॅट्रिस्टला दाखवावं, बाकीचं सगळं त्याच्यानंतर. मी दोन्ही केलंय, आधी प्राणायाम-योगाचा क्लास आणि मग सोलापूरच्या कंबर तलावावर सकाळचं चालणं, आणि गोळी दोन्ही वेळेस चालूच होती. त्यामुळं गोळी सोडून काय करावं हे इथं सापडणार नाही, गोळीच्या जोडीला काय टिकतं एवढंच मला सांगता येईल.

आधी बाकीच्या गोष्टी पटकन उरकतो. अश्वगंधा घेऊन काहींना झोप बरी लागते, पण थायरॉईडची नाहीतर झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू करू नका, लिव्हरला त्रास झाल्याच्याही केसेस आहेत. ऑनलाईन सेंट जॉन्स वर्ट नावाच्या परदेशी झाडपाल्याच्या कॅप्सूल मिळतात, सौम्य डिप्रेशनमध्ये त्याचा उपयोग दिसलाय हे खरं, पण आपल्याला नेहमी देतात त्या डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर ते घेतलं तर शरीरात सेरोटोनिन वाढून जीवावर बेतू शकतं, शिवाय रक्त पातळ करायची गोळी आणि गर्भनिरोधक गोळी या दोन्हींचा असर ते कमी करतं. "झाडपाल्याचं आहे, साईड इफेक्ट नाही" म्हणून हे घेऊ नका, कळकळीनं सांगतोय. ओमेगा थ्रीसाठी आमच्या घरी जवसाची चटणी सुरू झाली होती. कडक भाकरीबरोबर ती लागते भारी, जरूर खा, पण डिप्रेशनच्या अभ्यासात ज्याचा थोडाफार फायदा दिसला ते माशाच्या तेलातलं ईपीए, म्हणजे ओमेगा थ्रीचाच एक प्रकार, आणि जवसातलं ओमेगा शरीरात गेल्यावर त्याचं ईपीए फार थोडं बनतं.

विपश्यनेचं पण खूप जण सांगतात, इगतपुरीला जाऊन ये दहा दिवस, सगळं सुटेल. ज्यांना फायदा झालाय त्यांचा अनुभव मी नाकारत नाही. पण गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी हे शिबिर करू नये असं शिबिरवाले स्वतःच सांगतात आणि फॉर्ममध्ये तसं विचारतातही. दहा दिवस मौन, फोन नाही, घरचं माणूस नाही, ऐन त्रासाच्या काळात हे कुणाला झेपेल असं मला तरी वाटत नाही.

आता मूळ मुद्दा, क्लास की चालणं.

क्लासची बाजू कमी नाही हे आधीच सांगतो. २००० साली बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आजारांच्या सरकारी संस्थेत डिप्रेशनमुळं ॲडमिट असलेल्या ४५ पेशंटचे तीन गट केले होते, एकाला शॉक ट्रीटमेंट, एकाला इमिप्रामिन नावाची जुनी गोळी आणि एकाला सुदर्शन क्रिया, म्हणजे ठरावीक लयीत श्वास घ्यायचा प्रकार. शॉकचा गट सगळ्यात पुढं राहिला, पण श्वासाचा गट गोळीच्या गटाच्या जवळपास आला होता. अभ्यास छोटा, पण आपल्याकडचा आणि मोठ्या संस्थेतला. मग २०२४ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २१८ अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा आला, त्यात चालणं किंवा जॉगिंग, योग आणि वजनं उचलण्याचा व्यायाम हे तिन्ही डिप्रेशनमध्ये उपयोगी ठरले, आणि योग मध्येच सोडणारे लोक कमी होते असंही त्यात आहे. म्हणजे कागदावर बघितलं तर क्लासचं पारडं जड व्हायला हरकत नाही. चालण्याच्या बाजूनं अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीचा १९९९ चा अभ्यास आहे, पन्नाशीच्या पुढचे १५६ लोक, १६ आठवडे, आणि शेवटी व्यायामाचा गट आणि सर्ट्रालिन या डिप्रेशनच्या गोळीचा गट साधारण सारखाच सुधारलेला. तो व्यायाम म्हणजे चांगलं झपझप चालणं नाहीतर हळू पळणं होता, गप्पा मारत रमतगमत फिरणं नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

क्लासमध्ये मला शरीराला नक्की बरं वाटायचं. खांदे मोकळे व्हायचे, अनुलोम-विलोम झालं की छातीवरचं ओझं जरा हलायचं, आणि पहाटे पावणेसहाला कुठंतरी जायचंय म्हणून उठणं व्हायचं. पण शवासनात डोळे मिटले की माझं डोकं सुरू व्हायचं. सर म्हणायचे विचार येऊ द्या, जाऊ द्या. माझे यायचे, पण जायचे नाहीत. नंतर कळलं की ध्यानावर आधारलेला जो आठ आठवड्यांचा कोर्स परदेशात डिप्रेशनसाठी तयार झाला, तो मुळात बऱ्या झालेल्या लोकांना परत अटॅक येऊ नये म्हणून होता, त्यातही तीन किंवा जास्त वेळा डिप्रेशन येऊन गेलेल्यांना त्याचा फायदा दिसला. ऐन भरात आजार असताना डोळे मिटून बसणं ही वेगळी गोष्ट आहे. हे सगळ्यांना होईल असं नाही, काहींना शवासनातच झोप लागते आणि ती त्यांना हवीच असते.

पण माझ्यासाठी निकाल लागला तो याच्यावर नाही, हजेरीवर.

क्लासचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, तसा सगळ्याच क्लासचा असतो. रोज सकाळी सातच्या आसपास त्यात यादी पडायची, आलेल्यांच्या नावापुढं हिरवी खूण, न आलेल्यांपुढं लाल फुली. खाली कुणीतरी हात जोडलेले आणि "सातत्य ठेवा" टाकायचं. सर माणूस म्हणून चांगले, फी नाममात्र, यादीच्या मागं कळकळच होती. आता आपल्या सोलापुरात नळाला पाणी किती दिवसाआड येतं ते तुम्हाला माहितीय, आणि आमच्या जुळे सोलापूरच्या लाईनला ते नेमकं पहाटेच येतं. त्या दिवशी मोटर लावायची, टाकी, ड्रम, घागरी, बादल्या भरायच्या, प्रेशर कमी असलं की पाईप धरून तिथंच उभं राहायचं. क्लास बुडतो. मग फुली. मग ग्रुपवर "आज दिसला नाहीत, तब्येत बरी ना?" आणि उत्तर काय देणार, पाणी आलं होतं म्हणून सांगितलं की कुणीतरी लिहिणार, आमच्याकडं पण येतं की, आम्ही येतोच.

निरोगी माणसाला ही फुली म्हणजे काहीच नाही. डिप्रेशनमध्ये मात्र आपण नालायक आहोत, आपल्यामुळं सगळ्यांना त्रास होतोय हे वाटणं आजाराचंच एक लक्षण आहे, डॉक्टर पहिल्या भेटीत ते विचारतात. त्या डोक्याला रोज सकाळी लाल फुली दाखवली की काय होतं, तर पाण्याच्या दिवशी एक क्लास बुडायचा आणि दुसऱ्या दिवशी पाणी नसतानाही मी जायचो नाही, कारण तोंड कसं दाखवायचं. मग दोन फुल्या. मग फोन म्यूट. मग चटई दाराच्या मागं तशीच. सरांना मी एकदा म्हणालो, माझं नाव यादीत टाकू नका, ते म्हणाले नियम सगळ्यांना सारखा. त्यांच्या जागी ते बरोबरच असतील. मला ते जमलं नाही.

चालण्यात हे नव्हतं. माझा शाळेपासूनचा मित्र, त्याचं चादरींचं दुकान आहे, दहाला उघडतं, त्यामुळं सकाळ मोकळी. तो गल्लीच्या तोंडाशी येऊन फक्त एक मिस कॉल देतो. मी खाली आलो तर दोघं, नाही आलो तर तो एकटा पुढं जातो आणि दुसऱ्या दिवशी एका शब्दानं विचारत नाही. एकदा मीच म्हणालो, काल येऊ शकलो नाही. तर म्हणतो, "मग आज आलास की बे, चल." पाण्याच्या दिवशी मिस कॉल आला की मी पाईप हातात धरूनच कट करतो, त्याला समजतं. बुडालेला दिवस दुसऱ्या दिवसावर चढत नाही, आणि माझ्या मते सगळा फरक इथंच आहे. मी किती सुधारलो हे मोजलेलं नाही, पण बायको म्हणते की जेवताना परत बोलायला लागलास, आणि ऑफिसात मेल उघडायची जी भीती बसली होती ती चालणं लागल्यावर कमी झाली, क्लासच्या काळात नव्हती झाली. गोळीचा डोस पण मधे बदलला होता, त्यामुळं सगळं श्रेय चालण्याला देत नाही.

उजेडाचाही हिशोब धरा. घरातल्या ट्यूबलाईटचा उजेड काही शे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), आणि सकाळी सूर्य वर आल्यावर बाहेर ढगाळ असलं तरी त्याच्या कितीतरी पट. हिवाळी डिप्रेशनसाठी १०,००० लक्सचे दिवे विकत घेऊन लोक त्यांच्यासमोर अर्धा तास बसतात, आपल्याला भरपूर उजेड तलावाच्या कडेनं फुकट मिळतो. क्लास हॉलमध्ये, पडदे ओढलेले.

तरी क्लास कुणी निवडावा हेही सांगतो. माझ्या वहिनींना क्लासच लागू पडला. पहाटे अंधारात एकट्या बाईनं रस्त्यावर चालणं, त्यात मोकाट कुत्री, हा प्रश्न मला पडत नाही, त्यांना पडतो. हॉलमध्ये दहा बायका असतात, घरी जाताना बरोबर असतात, आणि त्यांना तर ग्रुपवरची हिरवी खूण बघून हुरूप येतो. गुडघे दुखणाऱ्यांनाही क्लास बरा. फक्त बीपी जास्त असेल, हर्निया असेल किंवा गरोदरपण असेल तर कपालभाती-भस्त्रिका टाळा, आणि बायपोलरचं (कधी उदासी, कधी अतिउत्साह असा आजार) निदान असेल तर जोरजोरात श्वास घ्यायचे प्रकार सायकॅट्रिस्टला विचारल्याशिवाय नकोत. क्लास लावायच्या आधी दोन प्रश्न विचारा: हजेरी ग्रुपवर टाकता का, आणि चालू गोळ्यांबद्दल तुमचं काय मत आहे. दुसऱ्याचं उत्तर "हळूहळू बंद करून टाकू" असं आलं तर तिथूनच परत फिरा. गोळी एकदम सोडली की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके येऊ शकतात, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने ती चालू ठेवायला सांगतात ते आजार उलटू नये म्हणून.

आणि जीव नकोसा वाटत असेल तर चालणं पण नको आणि क्लास पण नको, त्याच दिवशी घरच्या एका माणसाला सांगा, डॉक्टरांना फोन करा, नाहीतर १४४१६ लावा, सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

सुरुवात करणार असाल तर मी म्हणेन चालण्यानं करा, शक्यतो असा जोडीदार बघून जो हिशोब ठेवत नाही. पहिले काही दिवस गल्लीच्या टोकापर्यंत गेलात तरी चालेल, वेग नंतर वाढवा. मार्च लागला की साडेसातच्या आत परत या, सोलापूरचं ऊन आठ वाजताच अंगावर यायला लागतं. लिथियम (मूड स्थिर ठेवायची गोळी) चालू असणाऱ्यांनी उन्हाळ्यात पाण्याची बाटली बरोबर ठेवाच, घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, आणि लेव्हल कधी तपासायची ते डॉक्टरांना एप्रिलच्या आधीच विचारून घ्या.