मोटरहोमच्या छतावरचे पंखे: खानदेशातला उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

गाडी म्हणजे फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेलं मोटरहोम. पुढे झोपायच्या जागेवर एक आणि मागे ओट्यावर एक, असे १४ इंची, १२ व्होल्टचे दोन पंखे. पुढचा हवा आत घेतो, मागचा बाहेर फेकतो. सोबत १०० एएचची (अँपिअर-अवर) लिथियम बॅटरी आणि ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डावरचं ऑटोमेशन.

आधी निकाल सांगून टाकतो. पंखे पैसे वसूल आहेत, पण नुसतं आतलं तापमान बघून चालू-बंद होणारं ऑटोमेशन जळगाव-भुसावळच्या उन्हात कुचकामी आहे. पंखा गाडी थंड करत नाही, फार तर बाहेरच्याइतकी करतो. मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना ‘आत ३२ च्या वर गेलं की चालू’ हा नियम ठेवला, तर पंखा दुपारभर झळा आत ओढत बसतो. चांगलं इन्सुलेशन केलेली, सकाळी बंद करून ठेवलेली गाडी दुपारपर्यंत बाहेरपेक्षा बरी असते. पंखा तेवढंही घालवतो.

म्हणून नियम फरकावर लावायचा. आत २८ च्या वर असेल आणि बाहेरपेक्षा किमान २ अंश जास्त असेल, तरच चालू. फरक अर्ध्या अंशावर आला की बंद. एकदा चालू किंवा बंद झाला की पाच मिनिटं तसाच राहू द्यायचा, नाहीतर वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) टकटक करतो. उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत आणि सूर्य मावळल्यानंतर हा नियम खरा कामाला येतो. अंधार पडल्यावर बाहेरची हवा उतरते, पण पत्रा आणि फर्निचर तापलेलंच असतं. तेव्हा दोन्ही पंखे तासभर जोरात आणि मग रात्रभर मंद.

फरकावर चालायचं तर सेन्सर खरे बोलले पाहिजेत. डीएस१८बी२० या तापमान सेन्सरची अचूकता अर्धा अंश अधिक-उणे असते, म्हणजे दोन सेन्सर मिळून एक अंशाची थाप मारू शकतात. बसवण्याआधी दोन्ही एकाच पेल्यातल्या पाण्यात बुडवा, दहा मिनिटं थांबा आणि आकड्यांत जो फरक दिसेल तो प्रोग्राममध्ये वजा करा. बाहेरचा सेन्सर छतावर नको, तिथे तो हवेचं नाही, तापलेल्या पत्र्याचं तापमान सांगतो. मागच्या बंपरच्या आत, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला, भोकं पाडलेल्या पांढऱ्या पीव्हीसी पाइपात बसवा.

खानदेशात एप्रिल-मेची हवा कोरडी असते, त्यामुळे खिडकीत छोटा कूलर असेल तर मजा येते. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असताना चांगल्या भिजलेल्या पॅडमधून २७-२८ अंशांची हवा मिळू शकते, पण ती बाहेर जायला वाट हवी. ते काम मागच्या पंख्याचं. पुढचा बंद, मागचा ३०-४० टक्क्यांवर. जास्त जोरात ठेवला तर कूलरपेक्षा जास्त हवा ओढतो आणि उरलेली दाराच्या फटीतून गरम, धुळीसकट येते. पाऊस सुरू झाला की कूलरचा दम संपतो आणि पुन्हा पंख्यांचं राज्य. ओट्यावर गॅस पेटवताना मात्र एखादी खिडकी उघडीच ठेवा.

विजेचा हिशेब गोड आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण वीज साधारण आठव्या हिश्शावर येते. म्हणजे एक पंखा पूर्ण वेगात चालवण्यापेक्षा दोन पंखे अर्ध्या वेगात चालवले, तर तेवढीच हवा चौथाई विजेत मिळते. सर्किटमध्ये तोटा असल्याने प्रत्यक्षात बचत थोडी कमी, तरी एकाऐवजी दोन पंखे घ्यायला एवढं कारण पुरे.

साध्या ब्रशच्या मोटरसाठी मॉस्फेट (वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लॉजिक-लेव्हलचाच, म्हणजे ईएसपी३२ च्या ३.३ व्होल्टवर पूर्ण उघडणारा घ्या. दुकानात सर्रास हातात ठेवतात तो आयआरएफझेड४४एन ३.३ व्होल्टवर अर्धवट उघडतो आणि तापतो. मोटरचा उलटा झटका गिळायला तिला उलटा डायोड लागतोच. पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग कमी करण्याची पद्धत) १ किलोहर्ट्झवर ठेवलं तर रात्री बारीक शिट्टी ऐकू येते; २० किलोहर्ट्झच्या वर न्या, पण मग मॉस्फेट झटकन उघड-बंद करणारा गेट ड्रायव्हर लावा. ब्रशलेस पंख्याची मुख्य वायर कापून पीडब्ल्यूएम देऊ नका, त्याच्या बोर्डाची कंट्रोल वायर वापरा. वायर २.५ चौरस मिमीची: ६ मीटर अंतराला ३ अँपिअरवर पाव व्होल्ट पडतो, १ चौरस मिमीच्या वायरीत सहा दशांशाच्या वर. प्रत्येक पंख्याला वेगळा ५ अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीजवळ.

छत कापताना त्याला आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्या कापायच्या नाहीत, जागा त्यांच्या मधलीच शोधायची. मास्किंग टेप लावा, चार कोपऱ्यांना १२ मिमीची भोकं पाडा, मग बारीक दातांच्या पात्याने जिगसॉ चालवा. लोखंडाचा कीस छतावरून त्याच दिवशी पुसा, नाहीतर पहिल्या दवात गंजाचे ठिपके पडतात. कापलेल्या कडेला झिंक प्रायमरचे दोन हात. खालून २५ मिमी ॲल्युमिनियम चौकोनी पाइपाची चौकट, वर ब्युटाइल (चिकट रबरी) टेप आणि कडेने पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. सिलिकॉन नको, त्यावर पुढे दुसरं काहीच धरत नाही. इथल्या उन्हात ब्युटाइल मऊ होऊन दबतं, त्यामुळे पहिल्या कडक उन्हाच्या आठवड्यानंतर स्क्रू हलक्या हाताने पुन्हा आवळा. झाकणाची बिजागरी पुढच्या बाजूला ठेवा, म्हणजे चालत्या गाडीत वारा झाकण दाबतो, उचकटत नाही. तरी इग्निशन सुरू होताच झाकण बंद होईल असा सिग्नल द्याच. तोरणमाळच्या घाटात फांद्या खाली आलेल्या असतात.

पावसाचा सेन्सर हा सगळ्यात कच्चा दुवा. सतत वीज दिली तर त्याच्या तांब्याच्या रेषा काही आठवड्यांत खाल्ल्या जातात. दर दहा सेकंदांनी क्षणभरच वीज द्या आणि प्लेट तिरकी बसवा. वळवाच्या पहिल्या सरीत धुळीचा चिखल होऊन तीवर बसतो, मग ऊन पडलं तरी सेन्सर पाऊसच सांगत राहतो. हाताने चालणारं बटण त्यासाठी हवंच. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळ मुक्काम असेल तर जाळी दर आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुवा. तंतू बसले की पंखा आवाज तेवढाच करतो, पण हवा निम्मीही येत नाही.