लेच्चेचा पलाझ्झो आणि आमचे 11,43,936 रुपये

इटलीत मोठ्या ग्रुपसाठी जुना पलाझ्झो, म्हणजे तिथला वाडा, भाड्याने घ्यायचं मनात असेल, तर आधी हे वाचा आणि मगच पैसे पाठवा. आमचे 11,100 युरो गेले. बँकेने लावलेल्या दराने त्याचे 11,40,396 रुपये होतात, वर दोन वेळच्या परदेशी हस्तांतराचं शुल्क 3,540. ऐन दिवाळीत 14 माणसांना डोक्यावर छप्पर मिळवताना कार्डावर गेलेले 5,460 युरो यात धरलेले नाहीत. ते निदान खऱ्या हॉटेलांना गेले.

सासूबाईंना 75 वर्षं पूर्ण होत होती. चार बिऱ्हाडं, त्यांत तीन ज्येष्ठ आणि पाच मुलं. हॉटेलात सगळे वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरतात, एकत्र जेवता येत नाही, वरणभात करता येत नाही, म्हणून एकच मोठं घर हवं होतं. दक्षिणेत पुलिया प्रांतात लेच्चे नावाचं शहर आहे. तिथल्या मऊ, मधाच्या रंगाच्या दगडात कोरलेल्या बरोक इमारतींसाठी ते प्रसिद्ध आहे. जुन्या गावात अंगण, जिना, चांदणीसारख्या घुमटाकार छतांच्या खोल्या असलेले वाडे आहेत आणि त्यांतले काही दुरुस्त करून पाहुण्यांना खरोखर भाड्याने देतात. म्हणजे आम्ही काही अशक्य स्वस्त गोष्टीमागे धावलो नव्हतो. 7 रात्रींचे 9,600 युरो, म्हणजे माणशी दिवसाला 98 युरो. बाजारभावच होता. ‘स्वस्त दिसलं म्हणून भाळलात’ असं जे आम्हाला ऐकवतात, त्यांनी हा आकडा बघावा.

जाहिरात एका नावाजलेल्या संकेतस्थळावर होती. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. दोन निरोपांनंतर व्यवस्थापक म्हणवणारा माणूस ईमेलवर आला. थेट व्यवहार केला तर 1,420 युरो कमिशन वाचेल म्हणाला. इथेच थांबा, असं आता सगळे सांगतात. पण आपल्याकडे कोकणातलं घर सुटीसाठी घेतानाही आपण मालकाचा नंबर काढून थेट बोलतोच. त्यात संशय घेण्यासारखं काय होतं?

करार आला तो इटालियन आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत. त्यात 1998 चा 431 क्रमांकाचा भाडेकायदा होता, नागरी संहितेतलं कलम 1571 होतं, 30 दिवसांपर्यंतच्या भाडेकराराला नोंदणी लागत नाही हेही लिहिलेलं होतं. मी प्रत्येक गोष्ट शोधून पाहिली आणि प्रत्येक गोष्ट खरी निघाली. हे लोक खोटा कायदा लिहीत नाहीत. खरा कायदा लिहितात आणि घर तेवढं खोटं देतात. वास्तू संरक्षित असल्यामुळे पुरातत्त्व खात्याच्या अटी आहेत, म्हणून सगळ्या खोल्यांचे फोटो जाहीर करत नाही, हेही पटण्यासारखंच होतं. इटलीत 2004 च्या वारसा संहितेखाली अशा इमारतींवर निर्बंध असतातच. जुन्या गावात गाड्यांना बंदी असलेला भाग आहे, तर परवान्यासाठी टॅक्सीचा नंबर आधी कळवा, असं त्याने आठवणीने लिहिलं होतं. एवढी बारीक काळजी घेणारा माणूस चोर असेल असं कोणाला वाटेल?

आता करारातल्या त्या जागेबद्दल लिहिते, जिच्यामुळे अजून रात्री झोप उडते.

इटलीत पाहुण्यांना दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक घ्यावा लागतो. त्याला तिथे ‘चिन’ म्हणतात. 1 जानेवारी 2025 पासून तो नसेल तर दंड आहे, 800 ते 8,000 युरो. क्रमांक जाहिरातीत छापावा लागतो आणि इमारतीच्या बाहेरही लावावा लागतो. मला हे माहीत होतं. मी स्वतःहून मागितला आणि त्याने तासाभरात पाठवला. करारावर पहिल्याच पानावर, वर उजव्या कोपऱ्यात, ठळक अक्षरांत. मी त्यावर पिवळी खूण केली आणि माझ्या यादीत बरोबरचं चिन्ह टाकलं.

तो क्रमांक IT हा देशाचा संकेत आणि त्यापुढे 058091 असा सुरू होत होता. ते सहा आकडे गावाचे असतात. लेच्चेचे 075035 आहेत. 058091 म्हणजे रोम. कोणाच्या तरी रोममधल्या फ्लॅटचा खरा क्रमांक उचलून त्याने आमच्या करारावर चिकटवला होता. मी हिशेब तपासण्याचं काम करते, दुसऱ्यांच्या बिलांवरचे जीएसटी क्रमांक बघून हे बिल कुठल्या राज्यातलं ते सांगते. तरी हे सहा आकडे जून ते ऑक्टोबर माझ्या डोळ्यांसमोर होते. पण मला कोणी सांगितलं होतं की या क्रमांकात गाव लपलेलं असतं? क्रमांक आहे का बघा, एवढंच जो तो सांगतो. तो कुठला आहे ते बघा, हे कोणीही सांगत नाही. म्हणून मी सांगते. रोम 058091, मिलान 015146, फ्लॉरेन्स 048017, व्हेनिस 027042, नेपल्स 063049. दुसऱ्या कुठल्याही गावाचा सहा आकडी संकेत इटलीच्या सांख्यिकी संस्थेच्या यादीत मिळतो. पाच मिनिटांचं काम आहे.

पैसे दोन हप्त्यांत गेले. जूनच्या शेवटी 30 टक्के, 2,880 युरो, दर 100.85, म्हणजे 2,90,448 रुपये माझ्या खात्यातून. ऑगस्टमध्ये उरलेले 6,720 आणि अनामत 1,500, मिळून 8,220 युरो, दर 103.40, म्हणजे 8,49,948 रुपये माझ्या दिरांच्या खात्यातून. अनामत आगाऊ कोणीही मागितली तर उठून जा. ती एकतर पोहोचल्यावर देतात किंवा कार्डावर अडकवून ठेवतात.

खातं लिथुआनियातलं होतं. क्रमांक LT ने सुरू होणारा, 20 अक्षरांचा. इटलीचा IT ने सुरू होतो आणि 27 अक्षरांचा असतो. मी विचारलं नाही असं नाही. युरोपाबाहेरच्या पाहुण्यांसाठी हे खातं ठेवलंय, शुल्क कमी लागतं, असं उत्तर आलं. युरोपातल्या कितीतरी ऑनलाइन पैशांच्या कंपन्यांची खाती खरोखरच लिथुआनियात असतात, हेही मी वाचलं. खातेदाराचं नाव करारातल्या मालकीणबाईंचंच घातलं होतं. आपल्याकडून पाठवलेल्या रकमेत ते नाव खात्याशी जुळतं का, हे मला कोणीही तपासून दिलं नाही. रक्कम खाते क्रमांकावर जमा होते आणि विषय संपतो. युरो वापरणाऱ्या देशांत आपसातल्या हस्तांतरांना 9 ऑक्टोबर 2025 पासून नाव जुळवून दाखवणं बँकांना बंधनकारक झालं. भारतातून जाणाऱ्या पैशाला ते संरक्षण नाही. कार्डाने भरा. कार्ड घेत नसेल तर घर घेऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी पैशापेक्षा जास्त टोचते. त्याने सगळ्यांच्या पासपोर्टच्या प्रती मागितल्या, पोलिसांत नोंद करायची म्हणून. नियम खरा आहे, पाहुणे पोहोचल्यापासून 24 तासांत मालकाने पोलिसांना कळवायचं असतं. पण पोहोचल्यापासून, दोन महिने आधी नव्हे! 14 पासपोर्ट, त्यांत पाच लहान मुलांचे, आज कोणाच्या हातात आहेत ते मला माहीत नाही. प्रत दारात दाखवा, आधी पाठवू नका.

व्हिसाच्या अर्जाला त्याचंच आरक्षणपत्र जोडलं होतं. व्हिसा मिळाला, तेव्हा घरात सगळे म्हणाले, बघ, त्यांनीही तपासलं असेल. नसतं तपासलेलं. व्हिसा मिळणं म्हणजे घर खरं असणं नव्हे.

18 ऑक्टोबर, धनत्रयोदशी. पत्ता खरा होता, वाडा खरा होता, फोटोतलाच दरवाजा. दारावर पितळी पाट्या होत्या, एक वकील, एक नोटरी, एक दातांचे डॉक्टर. ओळख क्रमांकाची पाटी कुठेच नव्हती. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई खाली आल्या आणि आमचा कागद बघताच मान हलवू लागल्या. हे घर कधीच भाड्याने दिलेलं नाही. फोटो काही वर्षांपूर्वी दुरुस्ती झाली तेव्हाचे, वास्तुविशारदाने प्रसिद्ध केलेले. त्यांनी सासूबाईंना आत बसवलं, पाणी दिलं. त्या बाईंचे उपकार आहेत.

पुढे जे झालं त्याला मला शब्द सापडत नाहीत. तिथल्या चौकीत रात्री सांगितलं, दुभाष्या घेऊन सोमवारी या. सोमवारी 60 युरो देऊन विद्यापीठातली एक मुलगी दुभाषी म्हणून नेली, तर पैसे भारतातून गेलेत, भारतात तक्रार करा. हट्ट धरला तेव्हा कुठे ‘अज्ञात इसमाविरुद्ध’ म्हणून दोन पानं लिहून शिक्का मारून दिला. पुण्यात आलो, पोलीस ठाण्यात गेलो. गुन्हा इटलीत घडला, तिथेच तक्रार करा! अहो, ईमेल मला पुण्यात आले, पैसे पुण्यातून गेले, मी फसले पुण्यात बसून. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 202 हेच सांगतं की निरोपांद्वारे झालेली फसवणूक, निरोप जिथून गेला किंवा जिथे मिळाला तिथे चालवता येते. कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी दोन्ही छापून नेली होती. समोरच्या साहेबांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, एवढे पैसे परदेशात पाठवताना विचारायला यायचं ना.” मिळाला काय, तर अर्जावर आवक-जावकचा शिक्का.

ऑनलाइन तक्रारीच्या अर्जात समोरच्याच्या बँकेचं नाव निवडायची यादी होती, त्यात लिथुआनियातली बँक कुठून असणार? बँकेत म्हणाले, फॉर्मवर सही तुमचीच आहे. रक्कम परत मागवणारा निरोप पाठवला, त्याचेही पैसे घेतले. उत्तर आलं की खातेदाराची संमती मिळालेली नाही. चोराची संमती! मी ते पत्र परत परत वाचलं. बँकेच्या वर तक्रार केली, तर ‘सेवेत त्रुटी आढळत नाही’ म्हणून प्रकरण बंद. संकेतस्थळवाले म्हणतात, व्यवहार आमच्याबाहेर झाला. विमा कंपनी म्हणते, हे कलमात बसत नाही. 11 लाख गेलेत, कागद सगळे आहेत, खाते क्रमांक आहे, तारखा आहेत, आणि एकाही खुर्चीतल्या माणसाला हे आपलं काम वाटत नाही.

तुमच्यावर अशी वेळ आलीच तर पहिल्या तासात 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. पैसे अजून वाटेत असतील तर अडवता येतात, नंतर नाही. इटलीत तक्रार काराबिनिएरी (तिथलं लष्करी पोलीस दल) किंवा राज्य पोलीस, कुठेही देता येते. तिथल्या दंडसंहितेच्या कलम 640 खालच्या साध्या फसवणुकीत ‘आरोपीला शिक्षा व्हावी’ अशी मागणी फसवणूक कळल्यापासून तीन महिन्यांत लेखी करावी लागते. नुसती हकिगत लिहून भागत नाही. आमच्या दोन पानांत ती ओळ नव्हती. वकिलाने लक्षात आणून दिलं तेव्हा जेमतेम वेळ उरला होता.

घरात आता एक चुलत दीर ‘मला तेव्हाच शंका आली होती’ म्हणतात. त्यांनीच ग्रुपवर छताच्या फोटोला सर्वांत आधी अंगठा दाखवला होता. कोणाला काही शंका आली नव्हती. येऊ नये अशीच सगळी मांडणी होती.

तेच फोटो या महिन्यात पुन्हा दिसले. या वेळी घर सिसिलीत, सिराकूझाच्या ओर्तिजा बेटावर आहे म्हणतात, आणि 12 माणसांचे 8,900 युरो. दिवाणखान्याच्या छतावर चार ऋतूंची चित्रं आहेत. शरद ऋतूच्या बाईच्या हातात द्राक्षांचा घड आहे आणि तिच्या कोपरापासून भिंतीपर्यंत बुजवलेली एक तिरकी भेग दिसते. खाली काळ्या-पिवळ्या षटकोनी लाद्या, खिडकीशी हिरवी खुर्ची. हे छत ज्या जाहिरातीत दिसेल तिथे पैसे पाठवू नका, आणि जाहिरातीची लिंक मला कळवा. संकेतस्थळाला मी रोज लिहिते आहे.