वेबसाइट करून दिली, 1,60,000 बुडाले. फ्रीलान्स काम करणाऱ्यांनी जरूर वाचा

परवा कोपरखैरण्याहून एका मुलीचा फोन आला. ओळख ना पाळख. वाशीतल्या एका सुकामेव्याच्या व्यापाऱ्याच्या वेबसाइटचं ‘पुढचं काम’ तिच्याकडे आलंय. थीमच्या (साइटच्या दिसण्याच्या साच्याच्या) फाइलमध्ये सुरुवातीलाच माझं नाव आणि ईमेल दिसला, म्हणून तिने मला शोधून काढलं. ‘ताई, आधीची डेव्हलपर काम अर्धवट टाकून पळाली असं ते सांगतात. खरं आहे का?’ लाजेपोटी इतके दिवस घरच्यांपलीकडे कुणाला बोलले नव्हते. आता बोलते.

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, नऊ वर्षं घरून वेबसाइटचं काम करते. नवखी नाही. अनोळखी माणसाचं काम ॲडव्हान्सशिवाय घेत नाही. हा माणूस जुन्या ग्राहकाच्या ओळखीने आला होता. आधी एका पानाचं छोटं काम दिलं, त्याचे 12,000 दोन दिवसांत जमा केले. प्रत्येक वाक्यात ‘ताई’. पुढचा प्रकार तुम्हाला माहीतच आहे. छोट्या कामाचे चोख पैसे, मग मोठं काम.

मोठं काम म्हणजे वू-कॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरवर पूर्ण दुकान, 1,85,000 ला ठरलं. 5 ऑगस्ट 2024 ला सुरू, दिवाळीआधी लाइव्ह. ॲडव्हान्स 25,000, त्यातून 10 टक्के टीडीएस म्हणून 2,500 कापून 22,500 खात्यात आले. (तो टीडीएस आजतागायत माझ्या 26एएसमध्ये, म्हणजे आयकर पोर्टलवरच्या कापलेल्या कराच्या हिशेबात, दिसलेला नाही. कुणी टीडीएस कापला तर तिमाही संपल्यावर 26एएस उघडून बघाच.) थीम आणि प्लगिनची (साइटला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरची) लायसन्स 8,400, वर्षाचं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायच्या सर्व्हरचं भाडं, 11,760, दोन्ही माझ्या कार्डावर, ‘बिलात लावा ताई’. 212 उत्पादनं, प्रत्येकाचं 250 ग्रॅम, 500 ग्रॅम आणि 1 किलो. ते भरायला कळव्याच्या एका मुलाला घेतलं, त्याचे 30,000 मी माझ्या खिशातून दिले. त्याला कसं सांगणार की माझे आले नाहीत?

साइटवर टाकायला एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा नंबर मागितला, तो दुसऱ्याच फर्मच्या नावावर निघाला. पेमेंट गेटवेच्या (साइटवर ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेच्या) केवायसीला पॅन आणि बँक खातं मेव्हण्याचं. विचारलं तर म्हणाला, ‘फॅमिली बिझनेस आहे, टॅक्समुळे वेगवेगळं ठेवतो.’ व्यापाऱ्यांत असं असतं, हे मीही ऐकून होते. 14 ऑक्टोबरला साइट लाइव्ह झाली. त्याने 80,000 चा चेक दिला, तारीख 6 जानेवारी 2025 ची, आणि त्यावर तिसऱ्याच फर्मचं नाव. उरलेले 80,000 महिनाभरात द्यायचं ठरलं, ते आलेच नाहीत. दिवाळीच्या ऑर्डरी बघायला ॲडमिनचा ॲक्सेस, म्हणजे साइटचा पूर्ण ताबा मागितला, मी दिला. चेक हातात होता ना.

पण चेकपेक्षा मला छळते ती 11 नोव्हेंबरची सकाळ. भाऊबीज होऊन आठवडा झाला होता. सर्व्हरवरची जागा 90 टक्के भरल्याचा मेल आला. आत जाऊन पाहिलं तर 1.9 जीबीची एक झिप फाइल, रात्री 1:40 ला तयार झालेली. अख्ख्या साइटचा बॅकअप. माझा बॅकअप रविवारी पहाटे होतो आणि दुसरीकडे साठवला जातो, हे मीच लावलेलं आहे. म्हणजे ती फाइल माझी नव्हती. मला कळत होतं की ती माझी नव्हती. ॲडमिन हाती असला की एक प्लगिन टाकून सगळी साइट उचलून नेता येते, हे मी स्वतः मुलांना शिकवलंय. तरी मी काय केलं? होस्टिंगवाल्यांनी काहीतरी केलं असेल म्हणत ती फाइल डिलीट केली. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं, डोक्यात तेच होतं. पण ऑपरेशन असो नाही तर काही असो, चेकमधलं मला कळत नाही, हे तर माझं रोजचं काम आहे. त्या क्षणी ॲडमिन काढून घेतला असता, तर आज हे लिहावं लागलं नसतं.

9 जानेवारीला चेक परत आला. ‘पेमेंट थांबवले.’ मी रागाने होस्टिंग बंद केलं. साइट बंद पडायला हवी होती. पडली नाही. डोमेन त्याच्या नावावर, साइट केव्हाच दुसऱ्या सर्व्हरवर गेलेली. आणि माझ्याच कोटेशनमध्ये कुठूनतरी उचललेली ओळ होती, ‘सर्व हक्क ग्राहकाकडे राहतील.’ त्याआधी ‘पूर्ण पैसे मिळाल्यानंतर’ हे तीन शब्द घाला. आज, आत्ता घाला.

न वटलेल्या चेकसाठी कोर्टात जायचं तर चेक परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस जावी लागते. तो म्हणत राहिला, ‘ताई, कोर्टकचेरी कशाला, मार्च एंडिंग होऊ द्या, परत टाका.’ त्यात ते 30 दिवस गेले. मी 7 एप्रिलला टाकायला गेले. चेकला तीन महिने उलटून गेले होते. काउंटरवरच्या माणसाने तो तसाच परत सरकवला.

पोलिसांचं काय सांगू. खाडीच्या अल्याडच्या पोलीस ठाण्यात म्हणाले, त्याचं ऑफिस वाशीला, तिकडे जा. पल्याडच्या ठाण्यात म्हणाले, तुम्ही काम घरी बसून केलंत, म्हणजे तिकडचंच. चार खेपा, प्रत्येक वेळी नवीन साहेब, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळं. हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची आणि योग्य ठाण्याकडे पाठवायची, असं कायद्यात आहे. हे मी म्हटल्यावर साहेबांनी विचारलं, ‘वकील आहात का?’ मग ठरलेलं वाक्य, ‘हे दिवाणी प्रकरण आहे.’ तिसऱ्या खेपेला एकाने मोबाइलवर ती साइट उघडली आणि म्हणाला, ‘चांगली बनवलीय की.’ तिथे मला रडू आलं. स्टॉप पेमेंटचा चेक, तीन फर्मची तीन नावं, चोरलेला बॅकअप, सगळं फाइलमध्ये लावून नेलं होतं. फाइल कुणी उघडलीसुद्धा नाही.

मग कुणीतरी एमएसएमई समाधान, म्हणजे छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांच्या तक्रारीचं सरकारी पोर्टल सुचवलं. 45 दिवसांत पैसे न देणाऱ्याला बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, दर महिन्याला चक्रवाढ. पण त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, काम घेण्याआधीची लागते. माझी काम संपल्यानंतरची. तीही एजंटला 1,500 देऊन केली, सरकारी साइटवर ती फुकट होते. ज्यांची नाही त्यांनी आज रात्री करून टाका. आधार आणि पॅन लागतं, कागदपत्रं अपलोड करावी लागत नाहीत.

1,60,000 येणं बाकी. खिशातून गेलेले 50,160, त्यात आलेले फक्त 22,500. वकिलाच्या नोटिसीचे 3,500 वेगळे, तिला उत्तर नाही. पैसे वसुलीचा दावा तीन वर्षांत लावता येतो, तो मी लावणार आहे.

कोटेशनवर, चेकवर आणि गेटवेच्या खात्यावर एकच नाव नसेल तर काम थांबवा, समोरचा कितीही ताई-दादा करो. पूर्ण पैसे येईपर्यंत साइट तुमच्या सर्व्हरवर ठेवा. त्याला ऑर्डरीच बघायच्या असतील तर शॉप मॅनेजरचा ॲक्सेस पुरतो, त्यातून प्लगिन टाकता येत नाही. पुढच्या तारखेचा चेक म्हणजे पैसे नव्हेत.

कोपरखैरण्याच्या मुलीने काल काम थांबवलं. तिचे 18,000 अडकलेत. चेक मिळालाय, तारीख पुढच्या महिन्याची. त्यावर कोणाचं नाव आहे ते मी तिला वाचून दाखवायला सांगितलं. चौथं नाव निघालं.