गोळ्यांचा आठवड्याचा डबा: कामाचा आहे, पण सगळ्या गोळ्या यात भरू नका

माझ्या धाकट्या भावाला बौद्धिक अपंगत्व आहे आणि फिट्सच्या गोळ्या रोजच्याच, त्याच्यासाठी हा २८ कप्प्यांचा डबा घेतला. सकाळच्या कप्प्यावर सूर्य, रात्रीच्यावर चंद्र, त्यामुळे वाचता येत नसलं तरी तो स्वतः बरोबर कप्पा उघडतो आणि गोळी घेतली की रिकामा कप्पा दाखवायला येतो, इतकं भारी वाटतं ना बघायला!

पण सोडियम व्हॅल्प्रोएट या फिट्सच्याच औषधाच्या गोळ्या हवेतला ओलावा धरतात, त्या आधीपासून पाकिटातून काढून ठेवायच्या नसतात, आणि पट्टी कापून फॉइलसकट कप्प्यात टाकली तर तशीच गिळली जायची भीती, म्हणून ती गोळी आई वेळेवर हातातच देते. गिळायला त्रास होत असेल तर कुठलीही गोळी मनाने कुटून जेवणात मिसळू नका प्लीज, हळूहळू विरघळणारी असेल तर सगळा डोस एकदम अंगात जातो, डॉक्टरांना सिरप मिळेल का विचारा.

झाकणं जरा घट्ट आहेत. कुलूप नाही, ते हवंच होतं, आम्ही कपाटात ठेवतो. चार स्टार.