मृगातला तेजोमेघ, आमच्या गच्चीवरून : पाच महिन्यांनंतर

नोव्हेंबरात १३० मिमी आरशाची, ६५० मिमी फोकल लांबीची न्यूटोनियन दुर्बीण घेतली, मोटरवाल्या विषुववृत्तीय माउंटसकट, म्हणजे ताऱ्यांच्या मागे दुर्बीण फिरवत नेणाऱ्या स्टँडसकट. कॅमेरा घरातलाच जुना डीएसएलआर. आता मार्च संपतोय.

पहिली रात्र वायाच गेली. बाणाच्या खालच्या तीन फिक्या ताऱ्यांतला मधला, म्हणजे हाच तेजोमेघ, एम ४२, दोन मिनिटांत सापडला. पण कॅमेरा लावल्यावर फोकसच होईना. डोळ्यांनी बघण्यासाठी बनवलेल्या बऱ्याच न्यूटोनियनांची ही खोड आहे. प्रतिमा फोकसरच्या (कॅमेरा बसवायच्या सरकत्या नळीच्या) इतकी जवळ पडते की सेन्सर तिथवर पोचतच नाही. विकणाऱ्याने अवाक्षर काढलं नव्हतं. शेवटी मुख्य आरशाला लांब स्क्रू लावून तोच पुढे सरकवला. त्यानंतर कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणणं, पुन्हा पहिल्यापासून, हे आलंच.

खरा छळ माउंटचा. पुण्यात ध्रुव जेमतेम साडेअठरा अंशांवर, आणि आमच्या उत्तरेला नेमकी समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी! माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखलेला लागतो; ध्रुव न दिसता तो जुळवायचा तर ड्रिफ्ट पद्धत: दक्षिणेकडचा एखादा तारा डोळ्यात तेल घालून बघत बसायचं, तो कुठे सरकतो त्यावरून माउंट किंचित फिरवायचं. डिसेंबरभर ३० सेकंदांच्या फोटोत तारे तांदळासारखे लांबट यायचे. आता दहातले सात फोटो ठेवण्याजोगे निघतात. वाऱ्याच्या रात्री मात्र तीनसुद्धा नाहीत.

३० सेकंदांत गाभा पांढराफटक जळतो, म्हणून गाभ्यातल्या ट्रॅपिझियम या चौकडीच्या ताऱ्यांसाठी दोन-दोन सेकंदांचे वेगळे फोटो काढतो आणि नंतर जुळवतो. स्टॅकिंग, म्हणजे अनेक फोटो एकावर एक रचून एक करणं, सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये, फुकट आहे. फोटोतली दाणेदार खरखर निम्मी करायची तर फोटो चौपट लागतात, त्यामुळे एका तासावरून चार तासांवर गेलो. लाल रंगाची आशा मात्र ठेवू नका. साध्या डीएसएलआरमधली फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवते. एम ४२ तेजस्वी म्हणून गुलाबी तरी आला. रोझेट तेजोमेघाचा नुसता डाग.

पुन्हा पैसे घालायचे झाले तर नळी लहान घेईन, माउंट दणकट.

जूनमध्ये सूर्यच मृगात शिरतो. शेतकऱ्यांचा मृग लागतो आणि आमचा तेजोमेघ दिसेनासा होतो. तेवढे महिने आरसा बुरशीच्या भीतीने सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात.