अँटी-कॉलिक बाटली, चार महिन्यांनंतर: सगळा खेळ त्या एका चिरेचा

कॉलिकसाठी, म्हणजे पोटशूळाने होणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रडण्यासाठी, ही बाटली घेतली. दोन आठवड्यांनी हे लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता. निपल सारखं चपटं व्हायचं, बाळ वैतागून तोंड सोडायचं आणि परत धरताना दुधाआधी हवाच गिळायचं. आता मत बदललंय. बिघाड बाटलीत नव्हता, निपल बसवायची रिंग आवळण्यात होता.

निपलच्या कडेला सिलिकॉनमध्ये बारीक चीर असते. बाळाने दूध ओढलं की तिथून हवा आत येते. रिंग गच्च आवळली की ती चीर दबते. म्हणून रिंग अडेपर्यंत फिरवा आणि केसभर मागे सोडा; त्याहून सैल केली तर दूध हनुवटीवर ओघळतं. उकळल्यावर चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना चिकटतात, त्यामुळे दर वेळी दूध भरण्याआधी धुतलेल्या बोटांनी चिमटून ती मोकळी करा. बाळ ओढत असताना दुधातून बुडबुड्यांची माळ वर गेली तर सगळं ठीक. माळ तुटली की चीर बंद पडली समजा. माहितीपत्रकात यातली एक ओळ नाही, याचा राग अजून आहे.

पावडरचं दूध जोरात हलवलं तर फेसातली हवा पोटात जाणारच, तिथे चीर काही करू शकत नाही. बाटली गोल फिरवून पावडर विरघळवा, फेस बसू द्या. पाजताना बाळाला अर्धवट बसतं धरा, मध्येच थांबून ढेकर काढा.

बाटलीसोबत पोटशूळावर दिल्या जाणाऱ्या थेंबांबद्दल थोडक्यात. चाचण्यांमध्ये सिमेथिकोन (पोटातल्या वायूचे बुडबुडे फोडणारं औषध) नुसत्या बिनऔषधी थेंबांपेक्षा सरस ठरलेलं नाही. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या उपयुक्त जिवाणूचे रोज 5 थेंब अंगावर पिणाऱ्या बाळांचं रडणं कमी करतात. बाटलीवरच्या बाळांबाबत तेवढा भरवसा नाही. ते गरम दुधात टाकू नका, जिवाणू मरतात.

पोटशूळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यात टोकाला जातं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. त्यामुळे आताच्या शांत संध्याकाळींचं श्रेय बाटलीला देता येत नाही. निपल चपटं होणं मात्र रिंग सैल केली त्याच दिवशी थांबलं, म्हणून चार स्टार. 3 महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस ताप, हिरवी उलटी किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर तो पोटशूळ समजून थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

रिंग नीट बसवूनही चिरेतून दूध झिरपायला लागलं तर ती फाटली आहे. नुसतं निपल बदला, आख्खी बाटली पुन्हा घेण्यात पैसे घालवू नका.